अक्षर-अंकांच्या यादृच्छिक मालिकांतील योगायोग : आपले अनुभव लिहा

वाहनांचे क्रमांक, तिकिटांवरचे संकेतांक, यंत्राने सुचवलेले पासवर्ड यांत ओळखीचे काही अवचित सापडल्याचा अनुभव अनेकांच्या गाठी असतो. तो लिहिताना, आणखी काय जुळले असते तरी तितकेच नवल वाटले असते, हेही कृपया नोंदवावे. त्यावाचून शक्यता मोजता येत नाही.

शिक्षिका, नाशिक
पसंतीचा क्रमांक न मागताही आमच्या स्कूटरला १७०८ हा क्रमांक मिळाला आणि आईचा जन्म १७ ऑगस्टचा. या एका क्रमांकाची शक्यता दहा हजारांत सुमारे एक. मात्र घरातल्या चौघांच्या जन्मतारखा, चौघांची जन्मवर्षे, लग्नाची तारीख आणि वर्ष, यांपैकी काहीही आले असते तरी आम्ही हरखलोच असतो. म्हणजे शक्यता हजारात एक. ओळखीतल्या शंभर घरांनी एकेक वाहन घेतले, तर त्यांपैकी निदान एका घरी असे घडण्याची शक्यता जवळजवळ दहा टक्के भरते. या हिशेबाने आईचा आनंद उणावला नाही, आणि उणावू नये असेच मला वाटते.

संगणक अभियंता, पुणे
सवलतींसाठी आठ रोमन अक्षरांचे संकेतांक आम्ही यंत्राकडून तयार करून घेतो. रोमन लिपीत तीन अक्षरांत लिहिलेला ‘आई’ हा शब्द त्यात सहा जागी सुरू होऊ शकतो आणि तीन अक्षरांच्या जुळण्या १७,५७६ होतात. म्हणून तो आढळण्याची शक्यता सुमारे २,९०० त एक. असे पन्नास शब्द ओळखीचे धरले, तर साधारण साठांतल्या एका संकेतांकात काहीतरी वाचता येते. लाखभर संकेतांक ग्राहकांकडे जाणार असतील, तर त्यांत कुठेतरी अपशब्द निघणारच, हे गृहीत धरावे लागते. अनेक ठिकाणी स्वर वगळतात ते याचसाठी.

करसल्लागार, सोलापूर
पॅन क्रमांकातले पाचवे अक्षर आपल्या आडनावाचे आद्याक्षर आहे, हे अशील कौतुकाने दाखवतात. व्यक्तीच्या पॅनसाठी तसा नियमच आहे. मालिका खरोखर यादृच्छिक आहे का, हे आधी तपासावे.

निवृत्त गणितशिक्षक, बेळगाव
‘पाय’ (π, वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर) या संख्येच्या दशांश विस्तारात ७६२ व्या स्थानापासून ओळीने सहा ९ येतात. अंक यादृच्छिक मानले, तर इतक्या लवकर सहा ९ सलग येण्याची शक्यता ०.१ टक्क्याहून कमी असते. कोणताही अंक सहा वेळा चालेल म्हटले, की ती सुमारे ०.७ टक्के होते. १२३४५६ चालले असते का, ६५४३२१ चालले असते का, असे मी वर्गात विचारत जाई आणि मुलांच्या प्रत्येक होकारासरशी फळ्यावरचा आकडा वाढत जाई.