मदत हवी आहे: बुरशी लागलेल्या हेवी मेटल गाण्यांच्या कॅसेट कशा वाचवू?

नमस्कार मंडळी, मी नेरुळला राहतो. परवा माळ्यावरची पेटी उतरवली तर माझ्या जुन्या चाळीसेक कॅसेट सापडल्या. आयर्न मेडन, मेगाडेथ, सेपल्चुरा! कॉलेजात डब्याचे पैसे वाचवून घेतलेल्या.

आठ-दहा कॅसेटींच्या खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते. पावसाळ्याने घात केला. त्या मी डेकला लावलेल्याच नाहीत, कारण बुरशी हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागली की चांगल्या कॅसेटीही जातील. त्यांपैकीच एकीत आमच्या बँडच्या सरावाचं एकुलतं एक रेकॉर्डिंग आहे. ड्रम वाजवणारा मित्र आता नाही. ते मला काहीही करून वाचवायचंय.

बाकीच्या कॅसेट डेकच्या लाइन आउटमधून यूएसबी इंटरफेसवर आणि तिथून लॅपटॉपवर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतोय. पण गिटारच्या सुराशी ताडून पाहिलं तर सगळं जवळपास अर्धा स्वर चढं वाजतंय, म्हणजे वेग सुमारे ६ टक्के जास्त. सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर हवा. शिवाय सिंबल (ड्रमच्या झांजा) गोधडीखालून आल्यासारखे दबलेले. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, फरक नाही. हेडचा कोन सरकला असावा, पण स्क्रूला हात लावायचं धाडस होत नाही.

ठाणे-नवी मुंबईत कॅसेट डेक मनापासून दुरुस्त करणारं कुणी माहीत आहे का? आणि बुरशीची टेप घरी साफ केली आहे का कुणी? कापडाने की नुसती गुंडाळून? प्लीज, अनुभव असेल तरच सांगा.