चाळीस हजारांत, खांद्यावर वागवता येईल असा लॅपटॉप: नवा घ्यावा की वापरलेला?

बालाघाटची_वाट

नमस्कार. मी भूगोलात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा लघुप्रबंध केज तालुक्यातील काही गावांच्या भूजलावर, म्हणजे प्रत्यक्षात विहिरी, बोअर आणि पाझर तलाव यांच्या नोंदींवर, आधारलेला असणार आहे. महिन्यातले दहा-बारा दिवस मी गावोगाव फिरते. हा प्रवास एसटीने किंवा कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून होतो, त्यामुळे पाठीवरच्या पिशवीत पाण्याची बाटली, नोंदवह्या आणि मोजपट्टी यांच्या जोडीला लॅपटॉप मावला पाहिजे आणि संध्याकाळपर्यंत खांदा शाबूत राहिला पाहिजे, ही माझी पहिली अट आहे.

काम तीन प्रकारचे आहे: क्यूजीआयएसमध्ये नकाशे करणे, एक्सेलमध्ये नोंदी भरणे आणि सुमारे दीडशे पाने मराठीत लिहिणे. खेळ किंवा चित्रफितींचे संपादन मला करायचे नाही. शिष्यवृत्तीचा हप्ता आणि घरचे पैसे मिळून चाळीस हजार रुपये जमले आहेत आणि त्याहून एक रुपयाही वाढणार नाही.

दुकानदाराने १५.६ इंची पडद्याचा, ८ जीबी रॅमचा नवा लॅपटॉप ३८,५०० रुपयांना दाखवला. वर्गमित्र म्हणतात की कंपन्यांनी वापरून काढलेला, दुकानदाराने तपासून-दुरुस्त करून विकलेला (रिफर्बिश्ड) लॅपटॉप घे. वडिलांचे मत असे की जुने यंत्र म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी आपण पैसे देऊन घरी आणायची. जाणकारांनी कारणांसह मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पाटीपेन्सिल

ताई, नव्याच्या बाजूने चार शब्द लिहितो, परंतु दुकानात दाखवलेला तोच घ्या असे मात्र म्हणणार नाही. १५.६ इंची लॅपटॉप साधारणपणे १.६ ते १.८ किलोचा असतो आणि चार्जर धरला की दोन किलोच्या घरात जातो. तुमच्या फिरतीसाठी १४ इंची पडदा आणि दीड किलोच्या आतले वजन, ही मर्यादा आखून घ्यावी.

दुसरे म्हणजे खोक्यावरच्या नावाला भुलू नये. इंटेलचा आय३-१२१५यू हा प्रोसेसर २०२२ मधला आहे आणि त्यात दोन मोठे व चार छोटे असे सहा कोअर (एकाच वेळी काम करणारे गणनाभाग) आहेत. तुमच्या कामाला तो सहज पुरतो. उलट एएमडी कंपनीच्या ‘रायझन ५ ७५२०यू’ या प्रोसेसरचे नाव वाचून तो अगदी ताज्या पिढीचा वाटतो, पण त्या चार आकड्यांतला तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २ ही जुनी रचना, तर ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३. शिवाय ७५२०यू असलेल्या लॅपटॉपची मेमरी मदरबोर्डवरच जडवलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. सेलेरॉन हा कमकुवत प्रोसेसर आणि ६४ जीबी ईएमएमसी (एसएसडीहून संथ) साठवण असलेली यंत्रे वीस-बावीस हजारांना मिळतात, परंतु त्यांच्याकडे वळूनही पाहू नये.

पडद्याविषयी एक गोष्ट मराठी लिहिणाऱ्यांना विशेष जाणवते. १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर छोट्या टंकात अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळतात, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी ओळखायला डोळे ताणावे लागतात आणि मुद्रितशोधन करताना चुका निसटतात. म्हणून १९२० बाय १०८० च्या खाली जाऊ नये आणि शक्यतो आयपीएस (बाजूने पाहिले तरी रंग न पालटणारा) पडदा पाहावा. टीएन पडदा किंचित बाजूने पाहिला तरी रंग पालटतात. नकाशातला फिकट निळा तलाव आणि फिकट हिरवे शेत त्यावर सारखेच दिसू लागतात.

जुन्या_बाजारातला

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक-बाजारात बरीच वर्षे खरेदी-दुरुस्ती करत आलो आहे, म्हणून दुसरी बाजू सविस्तर मांडतो. चाळीस हजारांचा नवा लॅपटॉप हा चाळीस हजारांत बसवलेला असतो. प्रोसेसर चांगला दिला की पडदा, बिजागरी, कळफलक किंवा बॅटरी यांपैकी कशात तरी हात आखडलेला असतो. कार्यालयांसाठी बनवलेला लॅपटॉप मुळात त्याच्या दुपटीहून महाग असतो आणि चार-पाच वर्षांनी कंपनीचा करार संपला की एकगठ्ठा बाजारात येतो. त्याची बिजागरी आणि कळफलक रोजच्या वापरासाठीच घडवलेले असतात, आणि मागचे झाकण साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडून रॅम व एसएसडी बदलता येते.

मात्र एक सीमारेषा पक्की ध्यानात ठेवावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठीच्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचेच आहेत. सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे अलीकडे स्वस्तात विकली जातात त्याचे कारण हेच आहे. लिनक्स वापरणार असाल तर गोष्ट वेगळी. क्यूजीआयएस तिथेही उत्तम चालते. तरीही विद्यापीठातले इतर लोक विंडोजवर असताना एकटीने वेगळी वाट धरण्याचा त्रास लघुप्रबंधाच्या वर्षी ओढवून घेऊ नये, असे माझे मत आहे.

आठव्या पिढीतली तीन नावे सांगतो: लेनोवोचा थिंकपॅड टी४८०, डेलचा लॅटिट्यूड ७४९० आणि एचपीचा एलिटबुक ८४० जी५. तिन्ही १४ इंची आहेत, तिन्हींत रॅमसाठी दोन खाचा आहेत आणि बहुतेकांत चार कोअरचा आय५ असतो. टी४८० मध्ये एक बॅटरी आत आणि दुसरी मागे काढता-घालता येणारी असते, ही फिरतीवरच्या माणसासाठी मोठी सोय आहे. पण मागे मोठी बॅटरी लावली की वजन वाढते. लॅटिट्यूड सुमारे १.४ किलोचा, म्हणजे त्याहून हलका आहे. थिंकपॅड एक्स२८० तर सव्वा किलोच्याही आत आहे, परंतु त्याची रॅम जडवलेली असते, त्यामुळे ८ जीबीचा घेतलात तर कायमचा ८ जीबीचाच राहील.

पैसे देण्यापूर्वी दुकानात अर्धा तास बसावे. बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून सुपरवायझर पासवर्ड लावलेला नाही ना, हे सर्वांत आधी पाहावे. मी स्वतः एकदा हे न पाहता यंत्र घेतले आणि ते कुलूप कोणालाच उघडता आले नाही. मग पडदा पूर्ण पांढरा करून डाग शोधावेत, प्रत्येक कळ दाबावी, प्रत्येक यूएसबीत पेनड्राइव्ह लावावा. टी४८० घेत असाल तर थंडरबोल्ट पोर्टच्या (चार्जिंग व जलद जोडणीच्या यूएसबी-सी खाचेच्या) फर्मवेअरचे, म्हणजे आतल्या मूळ सॉफ्टवेअरचे, अपडेट झाले आहे का, हे आवर्जून विचारावे, कारण जुन्या फर्मवेअरवर तो पोर्ट निकामी होऊ शकतो. याच टी४८० मध्ये काही नगांना १३६६ बाय ७६८ चा टीएन पडदा असतो, तेव्हा नाव ऐकून नव्हे तर पडदा पाहून पैसे द्यावेत. पक्के बिल आणि लेखी वॉरंटी मिळत नसेल तर सरळ उठून यावे.

हिशेबनीस

वरील सल्ला लॅमिंग्टन रोडपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्याला लागू पडतो. केजमध्ये यंत्र बंद पडले तर ही मुलगी कोणाकडे जाणार? सात-आठ वर्षांच्या मदरबोर्डला आज ना उद्या काही होणारच आणि दुकानाची सहा महिन्यांची वॉरंटी म्हणजे लॅपटॉप घेऊन त्या दुकानापर्यंत जाण्याची वॉरंटी असते. अर्थात नव्या यंत्राच्या बाबतीतही सेवा केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे की लातूर-संभाजीनगर गाठावे लागेल, हे खरेदीआधीच विचारावे. ‘घरपोच सेवा’ या शब्दांपुढे कोणते पिनकोड येतात, ते दुकानदार सांगत नाही.

बालाघाटची_वाट

सर्वांचे आभार. हिशेबनीस दादांचा मुद्दा मला पटतो, परंतु मी संभाजीनगरला महिन्यातून दोनदा तरी असतेच, त्यामुळे दुकान तिथलेच निवडले तर अडचण कमी होईल. माझे दोन प्रश्न उरले आहेत. क्यूजीआयएससाठी ८ जीबी रॅम खरोखर अपुरी पडते का? आणि गावात दिवसा वीज नसते तेव्हा वापरलेली बॅटरी किती वेळ साथ देईल, याचा अंदाज कसा बांधायचा?

नकाशे_आणि_मी

मी पाणलोट क्षेत्रांचे नकाशे करतो, म्हणून या दोन्ही प्रश्नांवर अनुभवाने लिहितो.

गावांच्या सीमा, विहिरींचे बिंदू, ओढ्यांच्या रेषा एवढेच असेल तर ८ जीबीत काहीही अडत नाही. अडते ते उपग्रह प्रतिमांपाशी. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या प्रतिमेची एक फरशी (टाइल) जवळजवळ ११० किलोमीटर लांब-रुंद असते, त्यात १३ पट्टे (वेगवेगळ्या प्रकाशलहरींचे बँड) असतात आणि डाउनलोड एक जीबीच्या आसपास जाते. दोन ऋतूंच्या प्रतिमा एकदम उघडून त्यावर गणित चालवले आणि शेजारी ब्राउझर उघडा ठेवला, की ८ जीबीचे यंत्र धापा टाकू लागते. पण संपूर्ण फरशी घेऊन काम करायचेच कशाला? आपल्या गावांभोवतीचा चौकोन आधी कापून वेगळा साठवावा, लागतील तेवढेच दोन-चार पट्टे ठेवावेत आणि मूळ फाइल बाहेरच्या डिस्कवर टाकावी. एवढ्या शिस्तीने निम्मे काम हलके होते. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरज तर मुळीच नाही, त्यामुळे त्यावर पैसे घालू नका. ते वजन वाढवते आणि बॅटरीही खाते.

तरीही रॅमची खाच असलेलेच यंत्र घ्यावे आणि जमल्यास आजच १६ जीबी करून घ्यावे. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढलेले आहेत, त्यामुळे ‘पुढे स्वस्तात वाढवू’ या जुन्या सल्ल्यावर सध्या विसंबता येत नाही.

बॅटरीचा हिशेब तोंडी करता येतो. बॅटरीवर वॉट-तास लिहिलेले असतात. लेखन आणि एक्सेल चालू असताना, पडद्याचा उजेड मध्यम ठेवला तर असे यंत्र साधारण ८ वॉट खाते. नकाशाचे जड काम सुरू झाले की हा आकडा दुपटीच्या पुढे जातो. म्हणजे ४१ वॉट-तासांची नवी बॅटरी लेखनाला पाच तास पुरते. वापरलेल्या यंत्रात मूळ आकड्याऐवजी आजची क्षमता पाहायची. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढण्याची सोय आहे आणि त्यात मूळ क्षमता व सध्याची पूर्ण क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे लोक दुर्लक्ष करतात: लॅपटॉप यूएसबी-सीवर चार्ज होणारा असावा. मग ६५ वॉट देणारी पॉवर बँक चालते. २०,००० एमएएचची बँक म्हणजे ३.७ व्होल्टने गुणून ७४ वॉट-तास. वाटेतली घट धरली तरी पन्नासहून अधिक वॉट-तास लॅपटॉपला मिळतात. तिचे वजन अर्धा किलोच्या आगेमागे भरते, पण ज्या दिवशी ग्रामपंचायतीत वीज असेल त्या दिवशी ती खोलीवर ठेवून जाता येते. बॅटरी मोठी म्हणून जो लॅपटॉपच जड घेतला, तो मात्र रोज पाठीवर असतो.

बालाघाटची_वाट

पंधरा दिवसांनी लिहिते आहे. संभाजीनगरातच लॅटिट्यूड ७४९० घेतला: आय५, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, १०८० चा आयपीएस पडदा. पक्के बिल आणि एक वर्षाची लेखी वॉरंटी मिळाली आणि सगळे मिळून २७,००० रुपये लागले. दुकानात बसून बॅटरीचा अहवाल काढला, तेव्हा मूळ ६० वॉट-तासांपैकी ४७ शिल्लक दिसले, म्हणजे अठ्ठ्याहत्तर टक्के. दुकानदार आधी वैतागला, नंतर हजार रुपये त्यानेच कमी केले. उरलेल्या पैशांतून पॉवर बँक आणि बाहेरची डिस्क घेतली आणि बाकीचे, मदरबोर्डच्या भीतीने, बँकेतच ठेवले आहेत.

काल एका गावात सकाळी दहा ते दुपारी तीन वीज नव्हती. चौतीस विहिरींच्या नोंदी तिथेच पारावर बसून भरल्या आणि परत निघताना बॅटरी एकवीस टक्के होती. उन्हात मात्र पडदा अजिबात दिसत नाही, तेव्हा झाड शोधावे लागते. वडिलांनी यंत्र हातात घेऊन वजन पाहिले, झाकण दोनदा उघडले-मिटले आणि ‘बिजागरी घट्ट आहे’ एवढेच म्हणाले.