पाणी अडवून झाले, पण उपसा कोण ठरवणार?

मूळ मांडणी (साक्री, जि. धुळे)

खानदेशात गेल्या दोन दशकांत गावोगावच्या समित्यांनी पर्यावरणाचे जे काम केले, त्यातील बहुतेक पाणी अडवण्याचे आणि झाडे लावण्याचे आहे. त्याचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु जिथे गावाने वापरावर नियम घातला तिथेच हे काम टिकते, आणि जिथे नुसता साठा वाढवला तिथे वाढलेले पाणी दोन-चार हंगामांत नव्या मोटारी ओढून नेतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा सर्वांत जुना दाखला आपल्या पांझरेच्या खोऱ्यातच आहे. फड पद्धतीत नदीवरच्या बंधाऱ्यातून पाट निघे, त्याखाली भिजणाऱ्या क्षेत्राला थळ म्हणत आणि थळाचे फड पाडलेले असत. एका फडात एका हंगामात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, यंदा उसाचा फड कोणता, ज्वारीचा कोणता आणि पडीक कोणता ठेवायचा, हे शेतकरी एकत्र बसून ठरवत. पाटकरी पाणी सोडे, जागल्या राखण करी आणि त्यांचा मोबदला सर्व मिळून देत. बहुतेकांची जमीन एकाहून अधिक फडांत विभागलेली असल्यामुळे नदीला पाणी कमी आले तर फड पडीक टाकण्याची झळ एकट्यादुकट्याला बसत नसे. वरच्या अंगाला धरणे झाली, थळात खासगी विहिरी झाल्या आणि ही घडी विस्कटली. बंधारे अजून उभे आहेत, पण एकत्र बसून पीक ठरवण्याची सवय मात्र मोडली.

आमच्याच तालुक्यातील बारीपाड्याने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने जंगल राखले. तिथे झाडे लावण्याआधी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी झाली, दंड ठरला, राखणीच्या पाळ्या लागल्या. सुमारे ४४५ हेक्टर जंगल आणि गावाचे पाणी त्यानंतर आले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती या शिस्तीचीही दखल आहे असे मी मानतो.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे : पावसाळा संपताच गावाने विहिरींची पातळी मोजावी आणि कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतरची केळी, लावण्याआधी त्या वर्षी नव्याने किती बाग लावायची, हे ग्रामसभेत ठरवावे.

प्रतिसाद (यावल, जि. जळगाव)

भाऊ, मी आपल्याशी सहमत नाही. फडाचे पाणी डोळ्यांना दिसत होते. पाटाला किती पाणी आहे हे सर्वांना ठाऊक असे आणि चोरी झाली तर पकडता येत असे. आमचे पाणी जमिनीखालचे आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि भरड वाळूचा जो पट्टा आहे, ज्याला भूवैज्ञानिक बझाडा म्हणतात, तिथे पाणी मुरते आणि खालून तापीकडे सरकते. पायथ्याच्या गावाने मुरवलेले पाणी दुसऱ्याच गावच्या बोअरमध्ये निघते. अशा ठिकाणी एका गावाने उपसा कमी करण्याची शपथ घेतली, तर वाचलेले पाणी शिवेपलीकडचा शेतकरी उपसणार. त्याचाही दोष नाही, कारण त्याच्याही डोक्यावर कर्ज आहे.

दुसरे असे की केळीचा बागायतदार चैनीसाठी पाणी उपसत नाही. बाग एकदा उभी राहिली की वर्षभर मागे फिरता येत नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असताना पाणी तुटले, तर पाने पिवळी पडून लोंबतात, घड भरत नाही आणि निसवलेले, म्हणजे घड बाहेर आलेले, झाड कमरेत मोडते. त्या शेतकऱ्याचे वर्ष तिथेच संपते. आम्ही ठिबक लवकर स्वीकारले. आता ग्रामसभेत हात वर करून माझी बाग किती असावी हे ठरणार असेल, तर पडलेल्या भावाची भरपाईही ग्रामसभा देणार आहे का?

प्रतिसाद (शिरपूर, जि. धुळे)

मूळ मांडणीत साठा वाढवण्याच्या कामाला फारच दुय्यम ठरवले आहे. आमच्या तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद आणि खोल करून, वरचा चिकणमातीचा थर काढून, ओळीने सिमेंट बंधारे बांधले गेले. या चिकणमातीतून पाणी खाली झिरपतच नव्हते. कितीही श्रमदान केले तरी कुदळीने तो थर निघाला नसता. त्यासाठी यंत्रे लागली, पैसा लागला, आमदार अमरीश पटेल यांचे पाठबळ लागले. आटलेल्या विहिरींना पाणी आले, तेव्हा कुठे लोकांना सभेला बसण्याची उसंत मिळाली. रिकाम्या विहिरीच्या काठावर नियम सांगणाऱ्याचे कोणी ऐकत नाही.

प्रतिसाद (धडगाव, जि. नंदुरबार)

शिरपूरच्या दादांचे म्हणणे त्यांच्या मातीपुरते बरोबर असेल, पण आमच्या डोंगरात ते लागू पडत नाही, आणि मूळ मांडणीतही एक मोठी गोष्ट राहून गेली आहे. नियम करणारी समिती कोणाची आणि तिला अधिकार कोणी दिला, हा प्रश्न आधीचा आहे. वनहक्क कायदा २००६ चा आहे. त्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य केला आणि कलम ५ ने ग्रामसभेला जंगल, वन्यजीव आणि पाणलोट राखण्याचा अधिकार दिला. त्याआधी आमची माणसे जंगल राखत होती तेव्हाही कागदावर अतिक्रमण करणारीच होती. हातात दावा मंजूर झाल्याचा कागद असला, तर बाहेरून आलेल्या लाकूडतोड्याला अडवता येते. कागद नसेल तर अडवणाऱ्यावरच गुन्हा नोंदवला जातो.

आणखी एक. चराईबंदी झाली की पहिला फटका बसतो तो चार शेळ्यांवर संसार चालवणाऱ्या बाईला. महू, चारोळी, रानभाज्या आणि सरपण गोळा करायला तीच जाते आणि समितीच्या बैठकीत बहुधा तिलाच बोलावलेले नसते. बारीपाड्यात रानभाज्यांची स्पर्धा भरवतात आणि बायका आपल्या ज्ञानासह पुढे येतात, हे मला तिथल्या कुऱ्हाडबंदीइतकेच महत्त्वाचे वाटते. बंदी घालताना कोणते रान कोणत्या वर्षी चराईला खुले राहील, हे तिला विचारून ठरले पाहिजे.

मूळ लेखकाचे उत्तर

धडगावच्या ताईंचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि त्याने माझी मांडणी अधिक पक्की होते, कारण अधिकाराशिवाय नियम म्हणजे नुसती विनंती. पाण्याच्या बाबतीतही तो अधिकार कागदावर आहे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत आणि पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीची तरतूद आहे. यावलच्या भाऊंनी शिवेचा जो मुद्दा काढला, त्याचे उत्तर याच तरतुदीत आहे : समिती एका गावाची नसावी, एका पाणलोटातील सर्व गावांची असावी.

शिरपूरच्या कामाबद्दल मला आदर आहे. परंतु आलेल्या पाण्यावर पहिल्याच वर्षी मर्यादा ठरली नाही, तर ती पुढे कधीच ठरत नाही. अटल भूजल योजनेत जळगाव जिल्ह्याचाही समावेश झाला आणि त्यातून गावांचे पाण्याचे ताळेबंद मांडले गेले. माझ्या नात्यातील एका गावात तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवलेला आहे. त्याच रस्त्यावर बोअरची गाडी उभी असलेली मी पाहिली आहे. ठिबकाचेही तसेच. झाडामागे पाणी वाचले, पण त्या वाचलेल्या पाण्यावर पुढच्या शेतात नवी नळी पसरली. त्यात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत झाली आहे. अडचणीतल्या शेतकऱ्याला ती सवलत मिळाली याचा आनंद आहे, पण मोटार बंद करण्यासाठी आता खर्चाचे कारण उरलेले नाही. उरला तो शेजाऱ्याचा शब्द.

भरपाईचा प्रश्न मी टाळत नाही. उभ्या बागेला हात लावू नये, एवढे मी स्पष्ट म्हणतो. नियम फक्त नव्या लागवडीला असावा, आणि जो शेतकरी त्या तुकड्यात हरभरा किंवा ओलाव्यावर येणारी दादर ज्वारी पेरील, त्याला गाळ टाकण्याच्या आणि शेततळ्याच्या कामात गावाने पहिला नंबर द्यावा.

प्रतिसाद (यावल, जि. जळगाव)

नव्या लागवडीपुरता नियम असेल आणि पाणलोटातील सर्व गावे एकाच वेळी बसणार असतील, तर मी विरोध मागे घेतो, पण दोन अटींवर. पहिली म्हणजे पातळी मोजताना मोठ्या बागायतदाराच्या विहिरीत आणि दोन एकरवाल्याच्या विहिरीत एकच टेप सोडली जावी आणि दोन्ही आकडे चावडीवर लागावेत. दुसरी म्हणजे दादरीला पहिला नंबर देण्याचा ठराव लागवडीआधी लेखी व्हावा, कारण रोपांची आगाऊ रक्कम आम्ही पावसाळ्यातच भरतो. त्यानंतर घेतलेला कोणताही निर्णय आमच्यासाठी उशिराचा असेल. या अटी मान्य असतील, तर आमच्या गावातील बैठकीला मी स्वतः येईन आणि माझ्या विहिरीची पातळी सर्वांत आधी मोजू देईन.