प्रतिसाद: ‘मान त्सोउ’ म्हणजे नुसते ‘गुडबाय’ नव्हे

चिनी शब्दांवरच्या मूळ लेखात ‘मान त्सोउ’ या निरोपाच्या शब्दांचा इंग्रजी अर्थ ‘गुडबाय’ असा दिला आहे. तो चुकीचा नसला तरी मूळ शब्दांतला ओलावा त्यात उतरत नाही. ‘मान’ म्हणजे हळू आणि ‘त्सोउ’ म्हणजे चालणे. दारापर्यंत पोचवायला आलेला यजमान, अगदी दुकानदारसुद्धा, निघालेल्या माणसाला हे म्हणतो, आणि आपले ‘सावकाश जा’ त्याला ‘टेक केअर’पेक्षा कितीतरी जवळचे आहे. स्तुती ऐकल्यावरचे ‘नाली नाली’ म्हणजे शब्दशः ‘कुठे, कुठे’, म्हणजेच आपले ‘कसचं कसचं’!

‘हुआ शे थ्येन त्सू’, अर्थात सापाचे चित्र काढून त्याला पाय जोडणे, हा चिनी वाक्प्रचार प्राचीन चीनमधल्या छू राज्यातल्या कथेतून आला: पैजेत साप सर्वांआधी काढून झालेल्याने हौसेने पाय काढायला घेतले आणि हातातला मद्याचा पेला गमावला.