रुपया स्वस्त केला की झीज कोण सोसतं? बाबासाहेबांच्या चलनविचारावर चर्चा

माहुलीकर, सातारा
७ नोव्हेंबर जवळ आला की राजवाड्याजवळच्या प्रतापसिंह हायस्कूलची आठवण निघते. १९०० साली याच दिवशी बाबासाहेबांचं नाव तिथल्या रजिस्टरात चढलं. भाषणं संविधानावर होतात, आणि अर्थशास्त्राची पाळी आली की एकच वाक्य ऐकू येतं: त्यांच्या ग्रंथावरून रिझर्व्ह बँक निघाली. टाळ्या पडतात, विषय संपतो. माझं स्पष्ट मत आहे, हे वाक्य बाजूला ठेवून त्यांनी काय लिहिलं ते वाचावं.

'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ साली लंडनमध्ये छापलं गेलं. पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १८९३ पर्यंत कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. मग सरकारने ती सोय बंद करून रुपये पाडायचा हक्क स्वतःकडे घेतला आणि पुढे रुपयाचा भाव ब्रिटिश नाण्यांत १ शिलिंग ४ पेन्सला (१२ पेन्सचा एक शिलिंग) बांधला. केन्ससारख्या नामवंत इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९१३ च्या पुस्तकात या व्यवस्थेची तरफदारी केली. बाबासाहेबांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं: सरकारने किती रुपये पाडावेत याला मर्यादाच नाही. रुपये वाढले की महागाई वाढते, मग विलायतेतला दर सांभाळून काय उपयोग? बाजारात रुपयाला काय मिळतं ते स्थिर राहिलं पाहिजे. म्हणून रुपये पाडणं थांबवा आणि सोन्याचं नाणं चालवा, म्हणजे सरकारला मनाला येईल तेवढं चलन वाढवता येणार नाही, असं त्यांनी सुचवलं.

डिसेंबर १९२५ मध्ये भारताच्या चलनाचा विचार करायला ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. गिरणीवाले, व्यापारी आपल्या नफ्यासाठी स्वस्त रुपया, म्हणजे कमी पेन्सचा, मागत होते. बाबासाहेबांचा सवाल होता, हा नफा येतो कुणाच्या खिशातून? भाव चढतात, मजुरी मागे राहते. म्हणजे कामकऱ्याच्या. त्या काळात चलनाच्या वादात मजुराची बाजू इतकी ठामपणे मांडणारे फार थोडे होते.

वेण्णाकाठ, सातारा
दादा, हे वाक्य बाजूला का ठेवायचं? कमिशनने १९२६ मध्ये मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ ला कायदा झाला, १ एप्रिल १९३५ ला बँक सुरू झाली. ज्या कमिशनपुढे बाबासाहेब बोलले त्याचंच हे फळ. आमच्या पोरांना हे अभिमानाने सांगायचं नाही तर काय सांगायचं? त्यांचं श्रेय पुसायला टपलेले लोक आधीच कमी नाहीत.

माहुलीकर
श्रेय पुसत नाही, उलट वाढवतोय. कमिशनने सोन्याचं नाणं नाकारलं आणि सोन्याच्या लगडींशी जोडलेली व्यवस्था सुचवली, म्हणजे हातात सोन्याचं नाणं फिरणार नाही. बाबासाहेबांना सोन्याचं नाणंच हवं होतं. शिवाय मध्यवर्ती बँकेचा विचार केन्सनेही १९१३ मध्येच मांडला होता. बाबासाहेबांना 'जनक' म्हटलं की त्यांचा विरोध झाकला जातो. चलन चालवणारा कितीही शहाणा असला तरी त्याचे हात बांधलेले असावेत, हा त्यांचा आग्रह होता. पोरांना हे सांगा.

जुना मास्तर, वाई
एक भर घालतो. त्यांचे मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांना त्यांचे सगळे मुद्दे पटले नव्हते. तसं प्रस्तावनेत लिहूनही त्यांनी ग्रंथाचं कौतुक केलं. आपणही मतभेद ठेवून वाचावं.

हळदपेठ, सांगली
मग माझा मतभेद घ्या. बाबासाहेबांबद्दल आदर पूर्ण आहे, पण सोन्याचा उपाय चुकीचा होता. १९२९ नंतर मंदी आली. ज्या देशांनी चलनाची सोन्याशी असलेली गाठ लवकर सोडली ते लवकर सावरले. ब्रिटनने ती १९३१ मध्ये सोडली. आपला रुपया मात्र १ शिलिंग ६ पेन्सला पौंडाशी बांधलेलाच राहिला. शेतमालाचे भाव निम्म्यावर आले, सारा आणि सावकाराचं देणं तेवढंच. बायकांच्या अंगावरचे दागिने मोडले गेले आणि ते सोनं बोटीने लंडनला गेलं. अशा वेळी रुपया सैल सोडायला हवा होता. आज रुपया उतरला की तासगावच्या बेदाण्याला परदेशात गिऱ्हाईक मिळतं, आमच्या हळदीलाही. बांधलेल्या रुपयाने शेतकरी मरतो.

माहुलीकर
१ शिलिंग ६ पेन्सचा खुंटा सरकारने १९२७ मध्ये ठोकला, बाबासाहेबांनी नव्हे. कमिशनला त्यांनी १ शिलिंग ४ पेन्स आणि १ शिलिंग ६ पेन्स यांच्या मधला, त्या वेळेपुरता १ शिलिंग ६ पेन्सकडे झुकणारा दर सुचवला होता. सोनं हे त्यांचं साधन होतं, खरी गोष्ट म्हणजे मर्यादा. आपल्या सरकारने १९५५ पासून रिझर्व्ह बँकेकडून अॅडहॉक हुंड्यांवर, म्हणजे लागेल तेव्हा अल्प मुदतीच्या हुंड्या लिहून देऊन, पैसे उचलायची पद्धत पाडली, ती बंद करायला १९९७ उजाडलं. २०१६ मध्ये महागाई ४ टक्क्यांवर, दोन टक्के अलीकडे-पलीकडे, ठेवायचं उद्दिष्ट कायद्यात आलं. सोनं नाही, पण हातांना दोर आहेच. आणि बेदाणा निर्यात करणाऱ्याचा फायदा मान्य, पण त्याच्या शेडवर बेदाणा निवडणाऱ्या बाईची मजुरी डॉलरबरोबर वाढते का? गोडेतेल मात्र त्याच महिन्यात महागतं.

हळदपेठ
मजुरी मागे राहते हे खरं, ते मी रोज बघतो. मग भांडण मजुरीच्या दरासाठी करा, रुपया कशाला आवळता? मंदीत भाव पडले तेव्हा माल काढणंच परवडत नव्हतं, तर मजुराला कामावर कोण बोलावणार? स्थिर रुपया त्याच्या हाती पडणार तरी कसा, याचं उत्तर मला त्या ग्रंथात सापडत नाही.