आयर्नचे इलेक्ट्रॉन काढताना आधी ४एस का? भरताना तर ३डी शेवटी भरलं होतं

कळवा_अकरावी
दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता ठाण्यात अकरावी सायन्स. नववीपासून २, ८, ८, १ लिहायची सवय आहे. आता दोन ठिकाणी अडलंय.

१) एम (तिसऱ्या) कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात. आर्गॉनमध्ये तिथे ८च आहेत. मग पोटॅशियमचा १९वा इलेक्ट्रॉन दहा रिकाम्या जागा सोडून पुढच्या कवचात का जातो?

२) आयर्न (२६) मी [आर्गॉन] ४एस(२) ३डी(६) असं लिहिलं. दोन धन आयनासाठी शेवटचे दोन काढले, म्हणजे ४एस(२) ३डी(४). त्यावर लाल रेघ आली, बरोबर उत्तर ३डी(६). शेवटी आत गेलेले आधी बाहेर यायला नकोत का?

(घातांक टाइप होत नाहीत म्हणून कंसात लिहिलेत.)

नेरुळ_लॅब
१८ ही एम कवचाची कमाल क्षमता आहे, भरायचा क्रम नाही. इलेक्ट्रॉन कवच बघून बसत नाही, उपकवचाची ऊर्जा बघून बसतो. एम कवचात ३एस, ३पी, ३डी अशी तीन उपकवचं आणि तिघांची ऊर्जा वेगळी.

क्रम काढायला एन + एल कर. एन म्हणजे कवचाचा क्रमांक, एल म्हणजे उपकवचाचा. एस, पी, डी, एफ साठी एल अनुक्रमे ०, १, २, ३. बेरीज लहान ते आधी; बेरीज सारखी आली तर लहान एन आधी. ३पी: ३+१=४. ४एस: ४+०=४. बेरीज सारखी, म्हणून ३पी आधी. ३डी: ३+२=५, म्हणून ४एसच्या नंतर. ४पीची बेरीजही ५, पण एन मोठा, म्हणून ३डीच्या मागे. तिरप्या बाणांची आकृती म्हणजे हेच गणित. पाठ करताना बाण चुकतात, बेरीज चुकत नाही.

कारण असं. ४एसचा इलेक्ट्रॉन बहुतेक वेळ लांब असला तरी त्याचा थोडा अंश थेट केंद्रकाजवळ पोचतो आणि तिथे त्याला मोठा धनभार जाणवतो. ३डी आत शिरत नाही. पोटॅशियमचा ४एस इलेक्ट्रॉन काढायला ४.३४ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. तोच ३डी मध्ये ठेवला तर सुमारे १.६७. हायड्रोजनच्या तिसऱ्या कवचाचा आकडा १.५१ आहे, तो शेजारी ठेवून बघ. म्हणजे पोटॅशियमच्या ३डी मधल्या इलेक्ट्रॉनला आतले १८ इलेक्ट्रॉन केंद्रक जवळजवळ पूर्ण झाकून टाकतात, त्याला +१ च्या आसपासच भार दिसतो.

ऐरोलीकर
दुसऱ्या प्रश्नाचं सोपं उत्तर: आयन करताना सर्वात मोठा एन असलेलं कवच आधी रिकामं करायचं. चूक टाळायला संरूपण (इलेक्ट्रॉनांची मांडणी) एन प्रमाणे लावून लिही, म्हणजे [आर्गॉन] ३डी(६) ४एस(२). मग उजवीकडून काढत जा.

आणि ३डीच्या पाच चौकटी एनएमएमटीच्या बससारख्या समज. रिकामी बाकडी असेपर्यंत कोणी दुसऱ्याशेजारी बसत नाही. पाच जण पाच बाकड्यांवर, सहावा जोडीला. म्हणून ३डी(६) मध्ये एकटे इलेक्ट्रॉन चार.

खारेगाव_केमिस्ट्री
बसचं उदाहरण चौकटी भरण्यापुरतं ठीक. पण मुलं तेच पुढे ओढतात, 'शेवटी चढला तो दाराशी, म्हणून आधी उतरला', आणि नेमकी प्रश्नातली चूक होते. इलेक्ट्रॉनांवर चढल्याची वेळ लिहिलेली नसते. आयर्नमध्ये '२६वा इलेक्ट्रॉन' असा वेगळा ओळखता येईल असा कोणी नाही.

भरण्याचा क्रम हा एकेका उदासीन अणूसाठीचा हिशोब आहे: एक प्रोटॉन वाढव, एक इलेक्ट्रॉन वाढव. आयन करताना प्रोटॉन २६च राहतात, फक्त इलेक्ट्रॉन कमी होतात. प्रश्नच बदलला, मग जुना क्रम उलटा कसा चालेल? स्कँडियमपासून पुढे धनभार इतका वाढलेला असतो की ३डी आत ओढलं जातं आणि ४एसच्या खाली येतं. तरी उदासीन अणूत ४एस भरलेलं राहतं, कारण ३डी आटोपशीर आहे, तिथे गर्दी केली तर इलेक्ट्रॉन एकमेकांना जास्त ढकलतात. स्कँडियमचं ३डी(१) ४एस(२), एक काढला की ३डी(१) ४एस(१), दोन काढले की ३डी(१). वर्णपटातून हेच दिसतं.

आता तुझ्या उत्तरातली गंमत. तुझ्या चुकीच्या ४एस(२) ३डी(४) मध्येही एकटे इलेक्ट्रॉन चारच. म्हणजे 'चुंबकीय आघूर्ण काढा' असा प्रश्न आला असता (ते एकट्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येवरूनच काढतात) तर ४.९० हे बरोबर उत्तर आलं असतं आणि चूक कळलीच नसती. तीन धन आयन घे: तुझ्या रीतीने ४एस(२) ३डी(३), एकटे तीन, आघूर्ण ३.८७ बोर मॅग्नेटॉन. खरं ३डी(५), एकटे पाच, ५.९२. फेरिक (तीन धन आयर्नच्या) क्षारांचं मोजलेलं मूल्य ५.९च्या आसपास येतं.

कळवा_अकरावी
धन्यवाद! करून बघितलं:
मँगनीज दोन धन: ३डी(५)
कोबाल्ट तीन धन: ३डी(६)
झिंक दोन धन: ३डी(१०)
कॉपर दोन धन: ३डी(८) ४एस(१)
क्रोमियम ३डी(५) ४एस(१) का, तर अर्ध भरलेलं उपकवच स्थिर असतं. बरोबर?

नेरुळ_लॅब
पहिली तीन बरोबर. कॉपर चुकलं. तू ३डी(१०) ४एस(१) बरोबर धरलंस, पण दोन्ही इलेक्ट्रॉन ३डी मधून काढलेस. आधी ४एस मधला एक, मग ३डी मधला एक: ३डी(९). प्रत्येक वेळी बेरीज तपास: १८ + ९ = २७, म्हणजे २९ वजा २. पण तुझ्या उत्तराचीही बेरीज २७च येते, तेव्हा नुसत्या बेरजेवर विसंबू नकोस.

शिवाय मोरचूद (कॉपर सल्फेट) निळं आणि झिंक सल्फेट पांढरं: ३डी(९) मध्ये एक जागा रिकामी, ३डी(१०) मध्ये एकही नाही. मात्र मोरचूद तापवलं की तेही पांढरं पडतं, ३डी(९) तसंच असून! भोवतीचे पाण्याचे रेणू गेले की शोषण दृश्य प्रकाशातून अवरक्ताकडे सरकतं. तोंडी परीक्षेत हे विचारतात.

खारेगाव_केमिस्ट्री
क्रोमियमबद्दल पेपरात 'अर्ध भरलेलं म्हणून स्थिर' लिही, गुण मिळतील. पण त्याला नियम समजू नकोस. त्याच गटात खाली मॉलिब्डेनम ४डी(५) ५एस(१), आणि त्याखाली टंगस्टन ५डी(४) ६एस(२). अर्ध भरणं एवढंच कारण असतं तर टंगस्टननेही तेच केलं असतं. अकरावीला क्रोमियम आणि कॉपर हे दोन अपवाद पाठ ठेव, ३डी भरणाऱ्या बाकी मूलद्रव्यांना एन + एल.

ऐरोलीकर
बसमधून उतरण्याचा मुद्दा मान्य. बाकडी फक्त चौकटींपुरती.