मदत हवी आहे: पातळ सरळ केस, ना फुगीरपणा टिकतो ना कर्ल (ठाणे)

जास्वंद

नमस्कार. राहते घोडबंदर रोडला, ऑफिस ऐरोलीत. केस मुळात सरळ आणि एकेक केस अगदी बारीक, पण दाट आहेत. टाळू कुठे दिसत नाही. लांबी पाठीच्या मध्यापर्यंत, स्टेप कट. सकाळी धुतले तर ठाणे स्टेशन येईपर्यंत चप्पट बसतात आणि संध्याकाळी तेल लावल्यासारखे दिसतात. टाँग ३२ मिमीची आहे, २०० अंशांवर वापरते, तरी तासाभरात बटा सुटतात.

सध्याचा क्रम: शनिवारी रात्री खोबरेल तेल, सकाळी एकदा शाम्पू, मुळापासून कंडिशनर, वरून सीरम. सोसायटीत पाणी टँकरचं आणि बोअरचं मिसळून येतं.

हवंय ते असं: रोज संध्याकाळपर्यंत डोक्यावर थोडी उंची, आणि गणपतीच्या पहिल्या दिवशी पाच-सहा तास टिकतील असे कर्ल. पार्लरमध्ये पर्म (रसायनांनी पाडलेले कायमचे कर्ल) सुचवलंय. करावं का?

रसायनी

आधी कारण सांगते, म्हणजे उपाय निवडताना गोंधळ होणार नाही.

केसाचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो, वजन मात्र वर्गावर. ६० मायक्रॉनचा केस ८० मायक्रॉनच्या केसाच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश ताठ असतो, पण त्याचं वजन अर्ध्याहून थोडं जास्तच राहतं. म्हणजे स्वतःचा भार पेलायची ताकद त्याच्यात कमी. त्यावर सीरम आणि मुळाशी कंडिशनर आलं की केस एकमेकांवरून घसरतात आणि जो काही आधार एकमेकांना मिळाला असता तोही जातो. सरळ केसावरून टाळूचं तेलही अडथळ्याशिवाय खाली उतरतं, म्हणून संध्याकाळचा तो तेलकटपणा.

आता कर्ल. टाँगच्या उष्णतेने केसातल्या केराटिन या प्रथिनामधले हायड्रोजन बंध सुटतात आणि केस थंड होताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. ते पाण्यानेही सुटतात. ठाण्यात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे केस हवेतून पाणी ओढतो आणि बट सरळ होते. तुम्ही टाँग काढून बट गरम असतानाच खाली सोडत असाल तर ती आपल्याच वजनाने ताणलेल्या अवस्थेत थंड होते. तासाभरात सुटण्याचं पहिलं कारण तेच, हवा त्यानंतर येते. २०० अंशांनी बट जास्त टिकत नाही, बारीक केस फक्त जळतो. तुमच्या केसांना १५० ते १६० पुरे.

कात्री_कंगवा

कटबद्दल. पाठीच्या मध्यापर्यंतच्या बारीक केसांना स्टेप कट हा सगळ्यात वाईट पर्याय. पायऱ्या पडल्या की खालच्या टोकाशी केस उरतच नाहीत, शेवट उंदराने कुरतडल्यासारखा दिसतो आणि वरचे चप्पट केस जास्तच नजरेत येतात. खांद्यापासून कॉलरबोनपर्यंत लांबी, खालची रेषा एकसरळ, आणि पुढे चेहऱ्याभोवती हव्याच तर दोन लांब लेअर. कारागिराला नीट सांगा: थिनिंगची कात्री नको, रेझर नको. "केस हलके करून देतो" म्हणतात त्याचा अर्थ थिनिंग, आणि ते जाड केसांसाठी असतं.

लांबी ठेवायचीच असेल तर निदान खालचे पाच-सहा सेंटिमीटर एका रेषेत कापून घ्या. भांग दर काही दिवसांनी बाजू बदलून पाडा; रोज एकाच जागी पडलेल्या भांगाशी मुळं आडवी पडायची सवय धरतात. नागमोडी भांग पाडला तर लगेच थोडी उंची दिसते, त्याला काही खर्च नाही.

खाडीपलीकडे

पाण्याकडे आधी बघा. ठाणे महापालिकेचं नळाचं पाणी नदीचं, आमच्याकडे नवी मुंबईत मोरबे धरणाचं. ही पाणी बरीच मृदू असतात. बोअरचं पाणी वेगळं. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाच्या फेसाला खातं आणि केसावर थर धरतं. हात फिरवला की केस स्वच्छ नसून मेणचट वाटतो, ती खूण ओळखायची.

घरच्या घरी तपासायला: झाकणाच्या स्वच्छ बाटलीत अर्धी बाटली नळाचं पाणी, त्यात साध्या अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस. जोरात हलवा. वर फेस उभा राहिला आणि खाली पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसलं तर पाणी मृदू. फेस नाहीसा आणि पाणी दुधाळ, तर जड, म्हणजेच कठीण. शाम्पू किंवा बॉडीवॉश यासाठी वापरू नका, ते जड पाण्यातही फेस देतात. आकडा हवा असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांची हार्डनेस टेस्ट किट मिळते. टीडीएस मीटरवर विसंबू नका, तो सगळे विरघळलेले क्षार मोजतो, कठीणपणा वेगळा काढत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलीग्रॅम आहे, पर्याय नसेल तर ६००. ३००-४०० निघालं तर केसांवर परिणाम होणारच.

उपाय सोपा. शाम्पू झाल्यावर शेवटचे एक-दीड लिटर पाणी आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं ओता. पंधरा दिवसांतून एकदा दोन लिटर पाण्यात पाव चमचा लिंबूफूल पूर्ण विरघळवून केसांच्या लांबीवर ओता, एक मिनिट ठेवा, साध्या पाण्याने धुवा. डोळ्यांत जाऊ देऊ नका. टाळूवर जखम किंवा चट्टे असतील तर हे करूच नका. शॉवरला लावायचे फिल्टर क्लोरीन आणि गाळ कमी करतात, त्यातले बहुतेक कठीणपणा काढत नाहीत. त्यावर पैसे घालण्याआधी हे लक्षात घ्या.

मोगरा_वाशी

तेल पूर्ण बंद करा, मी तर म्हणेन. बारीक केसांवर ते राहतंच.

रसायनी

@मोगरा_वाशी, इथे माझं मत वेगळं आहे. खोबरेल तेल केसाच्या आत जातं आणि धुताना केसातलं प्रोटीन निघून जाण्याचं प्रमाण कमी करतं. बारीक केसांना याची गरज जास्त. चुकतंय ते प्रमाण आणि जागा. एक छोटा चमचा तेल, कानाच्या खाली फक्त लांबीवर, न्हाण्याआधी तासभर. टाळूवर रात्रभर नको. कोंडा असेल तर अजिबात नको, कोंड्याची बुरशी या तेलांवरच पोसते. मग शाम्पू दोनदा: पहिला टाळूवर, अर्ध्या मिनिटात धुवून टाकायचा, दुसरा एक-दीड मिनिट बोटांच्या पेरांनी. एकाच शाम्पूत तेल सुटत नाही आणि दोष तेलाला जातो.

कंडिशनर वाटाण्याच्या दोन दाण्यांएवढं, कानाखाली, एक मिनिट. सीरम बंद. गुंता होत असेल तर कंडिशनर केसांत असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने सोडवा.

मोगरा_वाशी

बरोबर, टाळू आणि लांबी वेगळी धरायला हवी. मान्य.

रोजच्या फुगीरपणासाठी माझी पद्धत लिहिते. टॉवेलने टिपून केस जवळपास सत्तर टक्के वाळू द्या. लिंबाएवढा मूस तळहातावर घेऊन तो मुळांना लावा: भांगाच्या दोन्ही बाजू, शेंडीचा भाग, कानामागे. टोकांना उरलासुरला हात पुसायचा. मग मान खाली करून मध्यम उष्णतेवर ड्रायर, झोत मुळांकडे, केस पूर्ण कोरडे होईस्तोवर. शेवटची दोन मिनिटं थंड हवेचं बटण दाबून ठेवा आणि मगच मान वर करा. हीच पायरी सगळे गाळतात.

लोकलला निघताना केस मोकळे सोडू नका. डोक्याच्या अगदी वर सैल अंबाडा घालून कापडी रबर लावा, ऑफिसात पोचून सोडा. घाम मुळाशी येतो, तो जिरेपर्यंत मुळं उभी राहतात. ड्राय शाम्पू तेल दिसल्यावर मारण्यात अर्थ नाही. सकाळी कोरड्या मुळांवर वीतभर अंतरावरून मारा, दोन मिनिटं थांबा, बोटांनी चोळा. मग तेल येतं तसं शोषलं जातं.

रसायनी

मूस आणि स्प्रेची लेबलं वाचा. घटकांच्या यादीत पहिल्या पाचात ग्लिसरीन असेल तर ती बाटली आपल्या पावसाळ्यासाठी नाही, ते हवेतून पाणी ओढतं. केस धरून ठेवणाऱ्या पॉलिमरांपैकी नुसतं पीव्हीपी असलेला थर दमट हवेत मऊ पडतो. व्हीपी/व्हीए कोपॉलिमर त्यापेक्षा बरा, आणि स्प्रेत अॅक्रिलेट्स कोपॉलिमर दिसला तर दमटपणात तो चांगला टिकतो. घरी जवसाचं जेल करणाऱ्यांसाठी: ते छान आहे, दोन चमचे जवस दोन कप पाण्यात सात-आठ मिनिटं उकळून गरम असतानाच गाळायचं आणि फ्रिजमध्ये आठवड्याच्या आत संपवायचं. पण ते कुरळ्या केसांना आकार देतं. बारीक सरळ केसांना जड होतं.

जास्वंद

सर्वांचे आभार. साबणाची चाचणी केली, पाणी दुधाळ आणि फेस नाहीच. आता गणपतीच्या दिवसाचे कर्ल सांगाल का? आणि पर्मचं काय?

कात्री_कंगवा

पर्म आधी. त्यात थायोग्लायकोलेट या रसायनाने केसातले मजबूत डायसल्फाइड बंध तोडून रॉडवर नव्याने जोडतात, म्हणजे तो खरोखर कायमचा आकार. नवीन केस मात्र सरळच उगवणार. स्मूदनिंग, रिबाँडिंग किंवा ब्लीच झालेल्या केसांवर करू नये, तुटतात. बाजारातली काळी किंवा "झटपट" मेंदी लावली असेल तर तिच्यात धातूचे क्षार असू शकतात, त्यावर तर नकोच. केस कोरे असतील तर मोठ्या रॉडचा, फक्त मुळाकडचा पर्म हा पर्याय आहे, पण कानामागच्या एका बटेवर आधी चाचणी मागा. चाचणी द्यायला तयार नसतील तर उठून या. आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात करू नका.

कर्लचा क्रम. ३२ ची टाँग बाजूला ठेवा, १९ किंवा २५ मिमीची घ्या. बट हवी त्यापेक्षा एक आकार घट्ट पाडायची, कारण ती सैल होणारच. त्या दिवशी सकाळीच केस धुवा, मूस वर सांगितल्याप्रमाणे, पण थोडा लांबीवरही. केस पूर्ण कोरडे हवेत. ओलसर केसावर टाँग लावली की आतलं पाणी उकळून केसात बुडबुडे होतात आणि तिथेच तो तुटतो. चर्र असा आवाज आला तर थांबा.

उष्णतेपासून बचावाचा हलका स्प्रे मारून कंगवा फिरवा, सुकू द्या. बट दोन सेंटिमीटर रुंदीची, त्याहून जाड घेतली तर आतला केस तापतच नाही. १५० अंश, आठ ते दहा सेकंद. टाँग बाजूला सरकवून काढा, गुंडाळी तशीच तळहातावर झेला आणि चपट्या क्लिपने डोक्याला लावून टाका. सगळ्या बटा झाल्या की निदान वीस मिनिटं पंख्याखाली, एसी असेल तर एसीत. एसीची हवा कोरडी असते. नैवेद्याच्या वाफेपाशी किंवा मोदक उकडतात तिथे या वेळात फिरकू नका.

क्लिप काढायच्या आधी एकदा स्प्रे, ३० सेंमीवरून. बटा सुटल्यावर ब्रश नाही, फक्त बोटं, तीही दोनदाच. मग दुसरा हलका थर. गजरा माळायचा तर पाणी शिंपडलेला थेट केसांत नको, टिपून घ्या. एक ओला गजरा मागच्या चार बटा सोडवतो.

खाडीपलीकडे

वर एक भर. वेणीची वळणं पुष्कळांना टाँगपेक्षा सोयीची वाटतात, पण पावसाळ्यात रात्री ओल्या केसांची वेणी घातली तर सकाळपर्यंत ती आतून वाळतच नाही आणि सोडल्यावर सगळं सरळ. जवळपास नव्वद टक्के कोरड्या केसांवर मूस लावून पाच-सहा बारीक वेण्या घाला, सकाळी सोडायच्या आधी त्यांच्यावर ड्रायरची थोडी गरम आणि मग थंड हवा फिरवा.

डॉक्टरकडे_जा

तुमचे केस दाट आहेत म्हणालात, त्यामुळे हे इतर वाचणाऱ्यांसाठी. केस मुळात बारीक असणं आणि केस कमी होणं वेगळं. भांग रुंद होतोय, रबराला एक वेढा जास्त लागतोय, तर उत्पादनं बदलण्यात वेळ घालवू नका. डेंग्यू-टायफॉइडचा ताप किंवा बाळंतपण यानंतर साधारण दोन-तीन महिन्यांनी केसगळती सुरू होते, बहुतेकदा ती आपोआप थांबते. त्वचारोगतज्ज्ञ सहसा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडची टीएसएच बघतात. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देताना सांगा. थायरॉइडच्या काही चाचण्यांचे आकडे त्याने चुकीचे येतात.

जास्वंद

खूप मदत झाली. शेवटचा प्रश्न: इतका स्प्रे रात्री काढायचा कसा? मागे एकदा विंचरताना बरेच केस तुटले.

मोगरा_वाशी

कोरड्यावर कंगवा लावायचाच नाही. आधी सगळ्या पिना हाताने मोजून काढा. मग कोरड्याच केसांवर, कानाखाली, दोन चमचे साधं कंडिशनर चोळून पाच मिनिटं ठेवा. थर मऊ पडला की बोटांनी, नंतर मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून सुरुवात करून मुळांकडे या. त्यावर कोमट पाणी, मग शाम्पू दोनदा, आणि तुमच्या पाण्याचा निकाल बघता शेवटचा तांब्या आरओचा. इतकं करायचं त्राण नसेल तर कंडिशनर लावून गुंता सोडवा, सैल वेणी घाला, उशीवर टॉवेल टाका आणि सकाळी धुवा. पण स्प्रे तसाच ठेवून झोपू नका, कडक झालेले बारीक केस उशीवर घासून मधेच मोडतात.